प्रश्न पडला नाही, सबब रजा

नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिली काही मिनिटं मी शाळेत उभी होते आणि तरीही गैरहजर होते.

नाशिकच्या इंदिरानगरहून उजाडायच्या आत निघून, दोन गाड्या बदलून, हरसूलच्या पुढे बाजार करून परतणाऱ्या एका काकांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी त्या पाड्यावर पोहोचले होते. हातात नेमणुकीचा आदेश, तोही प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, कारण तिकडे धूळ फार असं आईचं म्हणणं. मुख्याध्यापक व्हरांड्यात खुर्ची टाकून फुटाणे खात बसले होते. आदेश त्यांनी उलटसुलट करून पाहिला, फोल्डरचं प्लास्टिक चांगलं आहे म्हणाले आणि मग विचारलं, "प्रश्न काय आणलाय?"

मी आपली शहाण्यासारखी म्हणाले, की नाही सर, काहीही शंका नाही, सगळं समजलंय.

"मग आज तुम्ही आला नाहीत," असं म्हणून त्यांनी फोल्डर मला परत दिला.

मला रडू यायचंच बाकी होतं. मी कसंबसं विचारलं, की सर, मग मी सही कुठे करू? त्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला. एक फुटाणा तोंडात टाकून त्यांनी मस्टर माझ्यापुढे सरकवलं. हा प्रश्न चांगला आहे, इथे करा, म्हणाले.

सरांच्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणायची बंदी होती. नाव पुकारलं की मुलाने उठून एक प्रश्न विचारायचा. प्रश्न असेल तर हजर, नसेल तर गैरहजर. मूल समोर बसलंय, नाक पुसतंय, त्याच्या पायाची माती वर्गभर झालीय, तरी गैरहजर. आणि हे गमतीपुरतं नव्हे. हजेरीपत्रकात, निळ्या शाईने, सरकारी गैरहजर.

याचं मूळ एका बाजाराच्या दिवसात होतं. शाळेतल्या दोन भावांपैकी थोरला बापाबरोबर हरसूलच्या बाजाराला गेलेला. धाकटा स्वतःच्या नावाला 'हजर' म्हणाला आणि मग आवाज जाड करून भावाच्या नावालाही म्हणाला. दुसऱ्या कुणी कान धरला असता. सर विचारात पडले. मला ही हकिगत सांगताना ते म्हणाले, "बाई, जो नव्हता त्याचं हजर आणि जो होता त्याचं हजर अगदी सारखं ऐकू आलं हो. मग मी इतकी वर्षं मोजत काय होतो?"

नियम लागू झाला त्या दिवशी पहिल्या मुलाने उठून विचारलं, "गुरुजी, मुतायला जाऊ?" सरांनी गंभीरपणे विचार केला. उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही आणि प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा आहे, सबब हजर. दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला तोच प्रश्न पडला. मग नियमात दुरुस्ती झाली, की वर्गात एकदा झालेला प्रश्न पुन्हा चालणार नाही. हे सगळं मी जायच्या आधीचं. मी गेले तेव्हा मुलं 'ढगाला बुड असतं का' इथवर पोहोचली होती.

चांगला प्रश्न आला की सर खिशातून फुटाणा काढत आणि स्वतः खात. बक्षीस म्हणून मुलाला द्यावा हे त्यांच्या मनातही येत नसे. पण मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट सुट्टीत त्यांची भांडणं लागायची, की माझ्या प्रश्नाला गुरुजींनी तीन खाल्ले, तुझ्याला एकच. गुरुजींना पोटभर फुटाणे खाऊ घालणं हे त्या शाळेत मानाचं समजलं जाई.

उत्तर येत नसेल तर सर तसं सरळ सांगत आणि तो प्रश्न शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूने लिहीत. इतर शाळांच्या भिंतींवर कमळं, मोर आणि सुविचार असतात. आमच्या भिंतीवर 'कोंबडा आधी झोपतो की कोंबडी?' आणि त्याखाली 'करवंदाला दूध कुठून येतं?' असं होतं. पाहुणे आले की मी दारात मोठी रांगोळी काढून त्यांचं लक्ष खाली राहील अशी व्यवस्था करायची. ते हमखास वर बघायचे आणि वाचत उभे राहायचे. एक साहेब तर कोंबड्यापाशी इतके अडकले की शाळा तपासायची राहूनच गेली.

प्रश्नांची टंचाई सुरू झाल्यावर मुलं घरून प्रश्न आणू लागली. आया चुलीपाशी प्रश्न काढून देऊ लागल्या. द्राक्षाच्या हंगामात पाड्यावरची निम्मी माणसं वणीकडच्या बागांत कामाला जात, तिथून एका बापाने फोन करून पोराला प्रश्न पाठवला, की द्राक्षाच्या घडाला कागद का बांधतात ते गुरुजीला विचार. सरांनी त्यावर निकाल दिला, की उसना प्रश्न चालेल, पण ज्याचा त्याला उत्तरासकट परत करावा लागेल. झालं, शाळा सुटल्यावर पोरं दारोदार उत्तरं पोचवत हिंडू लागली. त्यासाठी त्यांना वाचावं लागे. पुस्तक, भज्यांचा कागद, औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरं, काहीही. मी नाशिकहून रंगीत कार्डं, मणी, चित्रं असं पिशवीभर साहित्य नेलं होतं. ते नुसतं पडून राहिलं आणि पोरं वाचायला लागली, याचा मला तेव्हा थोडा रागच आला होता.

सर हा नियम स्वतःलाही लावत. रोज हजेरी संपली की ते स्वतःचं नाव पुकारत आणि मुलांना एक प्रश्न विचारत. तो खराखुरा असावा लागे. सात नव्वे किती, असलं विचारलं की मुलं ओरडत, की गुरुजी, तुम्हाला येतंय ते. ज्या दिवशी काहीच सुचत नसे त्या दिवशी ते किरकोळ रजेचा अर्ज लिहीत. कारण लिहीत, 'प्रश्न पडला नाही, सबब रजा.' अर्ज तालुक्याला पाठवून देत आणि मग पाच वाजेपर्यंत नेहमीसारखे शिकवत बसत. तालुक्याच्या कार्यालयातल्या क्लार्कने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की मॅडम, सरांच्या घरी सगळं ठीक आहे ना? वर्षाच्या किरकोळ रजा दिवाळीच्या आत संपायच्या. त्यानंतर मात्र त्यांना झक मारत रोज प्रश्न पडायचा.

असा हा माणूस तालुक्याच्या मीटिंगला गेला की शेवटच्या रांगेत बसून तोंडातून शब्द काढत नसे. साहेब बोलायचं ते बोलून शेवटी विचारत, की काही शंका? सगळे गुरुजी खाली मान घालून चहाची वाट बघत. आमचे सरही. साहेब समोर आले की त्यांचे हात आपोआप जोडले जात. एकदा परत येताना मी त्यांना चिडवलं, की सर, आज मीटिंगला तुम्ही गैरहजर होतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटिंगच्या तारखेचा रजेचा अर्ज पाठवून दिला.

आता रोशनीबद्दल सांगायला हवं. तिसरीतली पोरगी, पहिल्या रांगेत, खिडकीखाली. एक दिवस शाळा चुकवली नाही आणि एक दिवस हजर लागली नाही. नाव पुकारलं की उठायची, भिंतीकडे बघायची आणि बसायची. उसना प्रश्न द्यायला बाकीची मुलं तयार असत, तो ती घेत नसे. मी सरांना म्हणायची, की एवढी एक सवलत द्या. ते म्हणायचे, "ती शोधतीय, बाई. घाई करू नका." आणि गैरहजर लावायचे. तसं लावताना त्यांना त्रास व्हायचा, हे मी रोज बघत होते. तिची आई एकदा शाळेत येऊन भांडून गेली. "पोरगी रोज येती, हितंच बसती, आन गैरहजर? मंग काय भूत बसतं का तिच्या जाग्याव?" यावर सरांनी फुटाणा खाल्ला. प्रश्न चांगला होता, पण आई पटावर नव्हती.

एवढ्यात जेवणाच्या आकड्यांनी घोळ केला. दुपारची खिचडी सर सगळ्यांना देत. पोटाला प्रश्न पडलेलाच असतो, त्याची हजेरी वेगळी घ्यायला नको, असं त्यांचं म्हणणं. पण हजेरीचा आकडा आणि जेवणाऱ्यांचा आकडा रोज मोबाईलवरून वर कळवावा लागे, आणि आमच्या शाळेत हजर मुलांपेक्षा जेवणारी मुलं नेहमी जास्त. महिनोन्महिने हे वर जात राहिलं. मग एकदा कुणाचं तरी लक्ष गेलं आणि चौकशी लागली. चौकशीत निघालं, की शाळेची सरासरी हजेरी फारच कमी आहे. पट तर आधीच कमी होता. तेव्हा नोटीस आली, की ही शाळा बंद करून मुलं शेजारच्या शाळेत का घालू नयेत.

शेजारची शाळा आमच्या व्हरांड्यातून दिसायची. दरीच्या पलीकडे, निळ्या पत्र्याची. नोटिशीत तिचं अंतर एक किलोमीटरच्या आतच लिहिलं होतं, आणि पाखराच्या हिशेबाने ते बरोबर होतं. माणसाला मात्र मध्ये खोल दरी, दरीत ओहळ आणि पावसाळ्यात चार महिने त्या ओहळात पाय ठेवायची सोय नाही. गाडीने जायचं तर मागे हरसूलला उतरून, घाटाने वळसा घालून पलीकडे चढायचं. पाड्यावरची जी मुलं पाचवीनंतर तिकडे गेली, ती एकेक करून घरी बसली. रोशनीची थोरली बहीण त्यातलीच, आता वणीकडे बागेत जाते. रोशनीच्या आईने मला स्पष्ट सांगितलं, "हितं हाय तवर शिकंल. तिकडं म्या नाय धाडायची."

त्या दिवशी मला सरांचा भयंकर राग आला. मी त्यांना तोंडावर म्हणाले, की तुमच्या एका लहरीपायी शाळा जातेय. पोरं येत होती, बसत होती, दोन वर्षं हजर लिहिलं असतं तर कुणी इकडे फिरकलंही नसतं. पुढचे काही दिवस त्यांनी फुटाण्यांना हात लावला नाही. नुसते व्हरांड्यात उभे राहून निळ्या पत्र्याकडे बघायचे. एका सकाळी हजेरीनंतर त्यांनी स्वतःचं नाव पुकारलं. रजा शिल्लक नव्हती. मग माझ्याकडे वळून मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, मी चुकलो का?"

मी म्हटलं, "हा प्रश्न झाला सर. करा सही."

राग तिथेच गेला. मला त्या माणसाची माया वाटली, आणि शाळा जाणार याची भीती दुप्पट वाटली.

तालुक्याचे साहेब स्वतः पाहणीला येणार असं कळलं तेव्हा पाड्यावरची सगळी माणसं शाळेत जमली. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, येक दिस पोरं म्हणू द्या की हजर. येका दिसानं काय बिघडतंय?" सर म्हणाले, मला विचारू नका, मुलांना विचारा. चौथीतला एकजण पटकन उठून म्हणाला, "मंग साहेबाला खोटं सांगायचं का?" सरांचा हात सवयीने खिशात गेला. बऱ्याच दिवसांनी त्यांनी फुटाणा खाल्ला, आणि अध्यक्षांनी कपाळाला हात लावला.

साहेबांचा निरोप होता, की सकाळी पलीकडची शाळा करून तिथूनच अकराला तुमच्याकडे येतो, जवळच तर आहे. आम्ही नारळ, फूल घेऊन दहापासून उभे. निळ्या पत्र्यासमोरून त्यांची जीप निघालेली आम्हाला आमच्या व्हरांड्यातून दिसली. मुलांनी हातसुद्धा हलवले. मग जीप डोंगराआड गेली. अकरा वाजले, बारा वाजले, फूल मलूल झालं. खिचडी खाऊन भांडी घासून झाली तेव्हा जीप आमच्या दारात आली. साहेबांचा शर्ट घामाने भिजला होता आणि ड्रायव्हर घाटाला शिव्या देत होता.

माणूस वाईट नव्हता. पाणी प्याले, भिंत वाचली, कोंबड्यापाशी थोडे थांबले. मग खुर्चीवर बसून म्हणाले, की गुरुजी, हजेरीपत्रक द्या, मुलं किती ते मीच बघतो. सरांनी ते दिलं आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. नियम सांगायचा होता, तो राहूनच गेला. बाहेर खिडक्यांशी आयाबाया दाटल्या होत्या.

साहेबांनी पहिलं नाव पुकारलं. मुलगा उठला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हाला झाडाव चढता येतं का?" साहेब दचकले. नाही, म्हणाले. मुलगा समाधानाने बसला. दुसरीने विचारलं, की साहेबांचे साहेब कोण. त्याचं उत्तर त्यांनी दिलं. तिसऱ्याने विचारलं, की त्यांचे कोण. चौथा अर्थातच त्यांचे कोण म्हणाला, तेव्हा साहेबांनी रुमाल काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, की मॅडम, ही मुलं हजर का म्हणत नाहीत? मी नियम सांगितला. त्यांनी एकदा सरांकडे, एकदा पत्रकातल्या निळ्या शाईकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. पण ते पुढचं नाव पुकारू लागले. कदाचित त्यांनाही बघायचं असेल.

असं करत रोशनीचं नाव आलं.

ती उठली. नेहमीसारखी भिंतीकडे बघत राहिली. खिडकीतून तिच्या आईचा चेहरा आत आला होता. साहेबांनी पत्रकात तिच्या ओळीवरून बोट फिरवलं, वर्षभर एकही हजर नाही. आहे की नाही ही, असं त्यांनी विचारलं.

रोशनीने भिंतीवरून नजर काढून साहेबांकडे बघितलं. "साहेब, ती निळी शाळा लय जवळ हाय, तर तिथनं हितं याया तुम्हाला दुपार का झाली?"

साहेबांनी नकाशावरचं अंतर दाखवायला म्हणून मोबाईल उचलला आणि खाली ठेवला. दारात उभ्या ड्रायव्हरला वाटलं, पोरगी आपल्यालाच विचारतेय. तो मोकळेपणाने म्हणाला, "आगं, मधी दरी हाय ना बाय. मागं हरसूलला जाऊन, समदा घाट फिरून यावं लागतंय. कंबर मोडती नुसती."

साहेबांनी ड्रायव्हरकडे असं बघितलं की तो जीप पुसायला निघून गेला.

सर पुढे आले. खिशातून त्यांनी एक फुटाणा काढला. तोंडाकडे नेला, मध्येच थांबले आणि तो साहेबांच्या पुढ्यात, हजेरीपत्रकावर ठेवला. वर्गातली सगळी मुलं त्या फुटाण्याकडे बघत होती. साहेबांना त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. त्यांनी एकदा मुलांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि तो उचलून खाल्ला.

मुलांनी एकच गलका केला. खिडकीत रोशनीची आई रडायला लागली आणि रडता रडता शेजारणीला फुटाण्याचा नियम समजावून सांगू लागली. रोशनीच्या नावापुढे साहेबांनी स्वतःच्या पेनाने हजर लिहिलं. त्यांच्या अहवालात 'रस्ता नाही, शाळा तूर्त चालू ठेवावी' असं आलं, ते पुढे महिन्याभराने. शाळा अजून आहे. सर निवृत्त झाले, आणि हजेरीची नावं आता मी पुकारते.

पण त्या दुपारी सगळी नावं संपल्यावर साहेब पत्रक मिटता मिटता हसून म्हणाले, "आणि गुरुजी, तुमचं काय? तुमचा आजचा प्रश्न?"

सरांचे हात पुन्हा जोडले गेले. "माझी रजा लावा साहेब," ते म्हणाले. "नोटीस आल्यापासून माझ्याकडे एकच प्रश्न होता. तुम्हाला विचारायचं धाडस होत नव्हतं. तो तिने विचारला."

रजा शिल्लक नाही, हे मी त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तिथेच बसून अर्ज लिहिला, साहेबांच्या हातात दिला, जीप दिसेनाशी होईपर्यंत दारात उभे राहिले आणि मग आत येऊन पाच वाजेपर्यंत शिकवत बसले.